पहिला दाब पोकळ

दोनशे बाराव्या किलोमीटरला, कोरड्या तळ्याच्या काठी,
मामा बग्गीतून उतरलाच नाही,
हेल्मेटमधूनच ओरडला, "ब्रेक!
पहिला दाब पोकळ जातो, दुसऱ्याला धरतो."
मग पाणी प्यायला, अर्धं अंगावर.

ताचोनं नळ्या चाचपल्या, तेल काढलं, तेल भरलं,
हवेचा एक बुडबुडा निघेल तर शपथ.
पुन्हा काढलं. पुन्हा भरलं.
दर चार मिनिटांनी एखादी गाडी
आमच्यावर धूळ टाकून पुढे.
दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला,
पण घाईत कुणाला सुचतंय.

इलारिओ तोवर घडीच्या खुर्चीत.
डावा कान त्याचा तांब्याच्या खाणीत गेला,
सांता रोसालियाला, पोरवयात.
उरलेल्या कानावर आमची सगळी इंजिनं चालतात.
त्यानं ब्रेकचं विचारलंच नाही.
"डावीकडे वळताना आवाज वाढतो?"
मामा थांबला. "वाढतो."
"कसला?"
"लांबून विमान यावं तसा."
"आणि उजवीकडे?"
"विमान जातं."
"मग उजवं चाक," म्हातारा उठत म्हणाला,
"अंगावर भार आला की रडतंय."

जॅक लावला. वाळूत रुतू नये म्हणून
खाली फळी सरकवली मीच.
त्यानं चाक वर-खाली धरलं,
घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं,
आणि हलवलं, निजलेल्याला उठवावं इतकंच.
टक.
तीनला, नऊला धरलं. तिथंही टक.
"आता ब्रेक दाबून धर."
मामानं दाबला.
टक गेली. चाक मुकं.

ताचोच्या हातातली तेलाची बाटली
तशीच तिरकी राहिली, गळत.
चाक डुलतं, थाळी डुलते,
डुलणारी थाळी ब्रेकची पाचरं मागे ढकलते,
आणि पहिला दाब त्यांना परत आणण्यातच खर्ची पडतो.
हे तो बोलला नाही.
दोन तळव्यांनी दाखवलं फक्त,
टाळी वाजता वाजता राहावी तसं.

लांब पेचकसाचं टोक धुऱ्याच्या मुळाशी,
मूठ कानाशी, डोळे मिटलेले.
मी चाक फिरवलं हातानं.
"खडे," तो म्हणाला. "खडे चघळतंय."

नट सुटला, टोपी निघाली,
आणि विजेरी माझ्या हातात होती
म्हणून पहिल्यांदा मलाच दिसलं:
ग्रीस लालभडक असायला हवं होतं,
ते दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं.
रोलर निळे पडलेले, जळून,
आतल्या कड्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे.
आमच्या भाषेत त्या कड्याच्या वाटेला
आणि शर्यतीच्या वाटेला शब्द एकच आहे.
दोन्ही उखडल्या होत्या.

पाणी.
इतक्या वाळवंटात पाणी कुठून, असं ताचोनं विचारलं.
इलारिओनं बोटावरचं ग्रीस चोळलं, हुंगलं,
साबणाचा वास आला असणार त्याला.
माझ्याकडे पाहिलं.

एन्सेनादाला, सुटायच्या आदल्या रात्री,
टायरवाला फोटो काढणार म्हणून
पंपाच्या नळीनं धुतली होती मी बग्गी,
नोझल अगदी हबच्या सीलपाशी धरून,
चिखलाचा कण राहू नये,
मामाचं नाव झळकावं.
झळकलंही.

"उजेड जरा खाली धर, फेलिसितास," एवढंच म्हणाला.

जळलेलं कडं छिन्नीनं सोडवलं,
त्यात ताचोचं बोट फुटलं.
नवं बेअरिंग माझ्या हातात देऊन
त्यानं मला ग्रीस भरायला लावलं:
तळहातावर गोळा घ्यायचा,
कडेनं दाबत राहायचं, दाबत राहायचं,
दुसऱ्या बाजूनं प्रत्येक रोलरच्या फटीतून
लाल डोकावेपर्यंत.
घाई केली की तो माझं मनगट धरायचा.

एक्केचाळीस मिनिटं गेली.
मामा निघाला, पहिल्याच वळणावर डावीकडे.
आम्ही तिघं कान देऊन उभे,
म्हातारा चांगला कान तिकडे करून.
इंजिन, दगड, मग नुसतं इंजिन,
मग कार्दोन निवडुंगांमागे तेही नाही.
"सांगू का मामाला?" मी विचारलं.
ऐकू न आल्यासारखा तो खुर्चीची घडी घालत होता.
मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते.